अकरा तालुके

पुण्यात नवी पेठेत गांजवे चौकाजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीला नाईट करते. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकाच अभ्यासिका. पूर्व परीक्षा जवळ आली की 'छातीत दुखतंय' म्हणत येणारी पंचविशीतली पोरं वाढतात.

त्या रात्री दीडच्या सुमाराला दोघांनी एकाला स्कूटरवर मध्ये बसवून आणलं. घामाने निथळलेला. "मरतोय मी, सिस्टर," एवढंच म्हणत होता. आणि दोन्ही हात आखडलेले: मोदकाला कळ्या पाडताना बोटं जुळतात ना, अगदी तशी, मनगटं आत वळलेली. "लकवा मारला बहुतेक," एक मित्र म्हणाला. दुसऱ्याने कुठली तरी रील बघून कागदी पिशवी आणली होती, त्यात श्वास घ्यायला. ती मी आधी काढून घेतली. हृदयाचं किंवा दम्याचं काही निघालं, तर पिशवीने ऑक्सिजनच कमी पडायचा.

ईसीजी काढला. नाडी १२८, बाकी पट्टी स्वच्छ. ऑक्सिजन ९९, साखर ठीक. डॉक्टरांनी तपासलं, "पॅनिक अटॅक," म्हणाले आणि शेजारच्या अपघाताच्या पेशंटकडे वळले.

इथे पूर्वी मी चुकायचे. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून एका बाईंना घरी पाठवलं. त्याच आठवड्यात त्या तीनदा आल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काही झालं नाही म्हणता, मग हे होतंय ते काय?" बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून याला म्हटलं, "झालंय. भसाभसा श्वास घेतोयस, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलाय. बोटं त्यानेच आखडलीत. श्वास सावकाश झाला की सुटतील. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते, मग ओसरते."

त्याला पटत होतं, श्वासाला पटत नव्हतं. आकडे मोजायला लावले, तर तेही धावतच. गाव विचारलं. बीड जिल्हा.

"तालुके सांग. एका श्वासाला एकच. दम संपेपर्यंत ओढून."

"आऽऽष्टी... पाऽऽटोदा..."

गेवराईला अडखळला. माजलगावला खांदे खाली आले. अंबाजोगाईला अंगठा सुटला. परळी झाल्यावर पाण्याचा ग्लास त्याने स्वतः धरला.

मग बोलला. महिन्यातली ही तिसरी वेळ. पुन्हा होईल म्हणून अभ्यासिकेत दाराशीच बसतो, मेसला जाणं सोडलंय. हाताने मी घाबरले नव्हते, या मेसने घाबरले. माणूस एकेक जागा अशी सोडत जातो आणि भीती ती बळकावत जाते. डॉक्टरांनी मानसोपचारासाठी चिठ्ठी दिली. "वेड्यांच्या डॉक्टरकडे?" मित्राने विचारलं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. चिठ्ठीमागे १४४१६ लिहून दिला: टेलि-मानस, सरकारी, फुकट, रात्रीही चालू.

तीनला गेले. पाच मिनिटांत हा पुन्हा दारात, धापा टाकत. माझा हात ईसीजीच्या जेलकडे गेला.

"सिस्टर," तो म्हणाला, "वडवणी राहिलं."