१२० की १५० : एका स्टीलच्या हार्डटेलचा फोर्क

छत्रपती संभाजीनगरातील माझ्या सायकल-वर्कशॉपमध्ये येणारी बहुतेक कामे पंक्चर, ब्रेक आणि गिअर यांचीच असतात. पावसाळा सरला, की चाकांत आणि चेनमध्ये घट्ट बसलेली काळी माती खरवडून काढण्याचे काम त्यांत वाढते. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मात्र एक गिऱ्हाईक असे काम घेऊन आले, की त्या दिवशी बाकीची सर्व दुरुस्ती मला मदतनिसाकडे सोपवावी लागली.

हे गृहस्थ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकींचे शॉकॲब्सॉर्बर तयार करणाऱ्या एका कारखान्यात अभियंता आहेत. त्यांची सायकल क्रोमोली स्टीलची, २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्क्याने दबणारा दुपायी चिमटा) आणि मागे काहीच नाही अशी. तिला १२० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा, हवेच्या दाबावर चालणारा एअर फोर्क होता. पुण्यातील कोणाकडून त्यांनी १५० मिमीचा जुना, पण उत्तम स्थितीतील फोर्क विकत घेतला होता आणि तो त्याच दिवशी बसवून हवा होता. गोगाबाबा टेकडीच्या मागच्या दगडाळ उतारावर हाताला असह्य दणके बसतात, १२० मिमी कमी पडतात, असे त्यांचे म्हणणे होते.

सस्पेन्शन म्हणजे काय हे त्यांना मी सांगावे, अशी स्थिती नव्हती. डॅम्पिंगविषयी, म्हणजे उसळी आवरण्याविषयी, त्यांना माझ्यापेक्षा अधिक माहिती होती. परंतु त्यांचा सगळा अनुभव मोटारसायकलींचा, आणि मोटारसायकलीला दोन्ही टोकांना सस्पेन्शन असते. खड्ड्यात दोन्ही टोके दबतात, त्यामुळे गाडीचा एकूण कल फारसा ढळत नाही. हार्डटेलमध्ये मागचा आस जागच्या जागी राहतो आणि फोर्क जेवढा दबतो तेवढी सगळी सायकल त्या आसाभोवती पुढे झुकते. हा फरक बोलून पटण्यासारखा नव्हता, म्हणून मी त्यांना म्हणालो, “सर, फोर्क बसवण्याआधी आपण मोजून पाहू.” अभियंत्याला मोजमापाचे आमंत्रण नाकारता येत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

पहिले माप घ्यायचे ते ट्रॅव्हलचे नव्हेच. पुढच्या आसाच्या मध्यापासून फोर्कचे दोन्ही पाय वर जोडणाऱ्या क्राउनच्या बैठकीपर्यंतचे अंतर फ्रेमच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. फ्रेमला फोर्कचा ट्रॅव्हल कळत नाही, तिला त्याची उंची कळते. एकाच ट्रॅव्हलच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोर्कमध्ये ही उंची दहा-पंधरा मिमीने सहज वेगळी निघू शकते. त्यांचा जुना फोर्क ५२६ मिमी भरला आणि नवा ५५८. फ्रेमसोबत आलेल्या तक्त्यात ही लांबी जास्तीत जास्त ५४० मिमी असावी, असे छापलेले होते. तो तक्ता त्यांनी फोनमध्ये जपून ठेवला होता, मात्र त्यातील ही ओळ वाचली नव्हती.

फोर्क कलता बसत असल्यामुळे ३२ मिमीच्या फरकाने हेडट्यूब, म्हणजे फोर्कची दांडी ज्यात बसते तो फ्रेमचा पुढचा भाग, उभ्या दिशेने साधारण ३० मिमी उचलला जातो. म्हणून नवा फोर्क न बसवताच मी पुढच्या चाकाखाली १८ आणि १२ मिमी जाडीचे प्लायचे दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि हेडट्यूबवर कोनमापक लावला. साडेसहासष्ट अंशांचा हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, पासष्टवर आला. सीटखालची सीट ट्यूबही तेवढीच मागे कलली, साडेत्र्याहत्तरवरून बहात्तर अंशांवर. पेडलचा आस सुमारे ११ मिमी वर गेला आणि पेडलपासून हँडलपर्यंतची आडवी पोहोच १४ मिमीच्या आसपास कमी झाली. भिंतीला हात टेकवून ते सायकलीवर बसले आणि लगेच म्हणाले, की आपण मागे सरकल्यासारखे वाटते. खुलताबादहून म्हैसमाळचा चढ चढताना हेच वाटणे त्रासाचे ठरते: वजन मागच्या चाकावर जाते, पुढचे चाक हलके होऊन मुरमात इकडेतिकडे भरकटते आणि कंबर धरते.

त्यानंतरचे माप त्या दिवशीचे सर्वांत रंजक होते. प्लाय काढून टाकले, जुन्या फोर्कमधील हवा पूर्ण सोडली आणि तो शेवटपर्यंत दाबून बांधला. हेड अँगल जवळपास ७२ अंश आला. मग मी त्यांनाच हिशेब करायला सांगितले. ५२६ मधून १२० गेले तर ४०६ उरतात आणि ५५८ मधून १५० गेले तर ४०८. म्हणजे पूर्ण दबल्यावर दोन्ही फोर्क एकाच उंचीवर, एकाच कोनावर येतात. उभी असताना जी सायकल अधिक निवांत, उतारासाठी बनवल्यासारखी दिसते, तीच मोठ्या दणक्याच्या क्षणी आखूड फोर्कच्या सायकलीइतकीच ताठ, म्हणजे उभ्या कोनाची, होते. फरक एवढाच, की तेथपर्यंत पोहोचताना तिचा कोन साडेपाच अंशांऐवजी जवळजवळ सात अंशांनी बदलतो. उतारावर वळण घेत असताना स्टीअरिंगची जात अशी पायाखालून बदलत जाणे मला तरी पसंत नाही. हार्डटेलला लांब ट्रॅव्हल देण्याविषयी माझा मूळ आक्षेप हाच आहे. फ्रेम मोडण्याची भीती त्याच्या नंतर येते.

ती भीती खोटी मात्र नाही. पुढच्या चाकावर आलेला धक्का फोर्कच्या लांबीइतक्या तरफेने हेडट्यूबवर काम करतो आणि पहार जितकी लांब तितका दगड लवकर उचकटतो. चांगल्या स्टील ट्यूब बटेड असतात, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये एक मिमीपेक्षाही पातळ. हेडट्यूबच्या मागे, डाउनट्यूबच्या (हेडट्यूबपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला रंगावर बारीक सुरकुती दिसली, तर फ्रेमने मार खाल्ला आहे असे समजावे. स्टीलचा एक चांगुलपणा असा, की ते बहुधा तुटण्याआधी वाकून इशारा देते. आम्ही विजेरी लावून ती जागा तपासली; रंग स्वच्छ होता.

एवढे होऊनही मूळ तक्रार शिल्लक होतीच. दणके तर खरेच बसत होते. म्हणून जुन्या फोर्कमध्ये ते नेहमी भरत तेवढी हवा पुन्हा भरली, ११० पीएसआय, आणि नळीवरील रबरी रिंग खाली सरकवून त्यांना नेहमीच्या कपड्यांत, बूट घालून, बसायला लावले. त्यांचे वजन ७८ किलो. रिंग जेमतेम १० मिमी सरकली. नुसते बसल्यावर फोर्क जेवढा दबतो तो सॅग; हार्डटेलवर मी तो ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के ठेवतो, म्हणजे १२० मिमीच्या फोर्कवर १८ ते २४ मिमी. शिवाय फोर्कच्या उजव्या पायाच्या तळाचा रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर यावा हे ठरवणारा, गोल खटका कासवाच्या चित्राकडे, म्हणजे सर्वांत मंद बाजूला, शेवटपर्यंत फिरवलेला होता. चढ्या हवेमुळे हँडल उसळत असे आणि ते थांबवण्यासाठी त्यांनी तो आवळला होता. परिणाम असा, की पहिल्या दगडावर दबलेला फोर्क दुसरा दगड येईपर्यंत परत वर येतच नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दगडाशी त्याच्यात ट्रॅव्हल म्हणून फारसे काही उरत नसे. हे ऐकल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “हा दोष मी रोज लाइनवर पकडतो.”

हवा ८० पीएसआयपर्यंत उतरवली, सॅग २३ मिमीवर आला. रिबाउंड मी मोकळा सोडून एकेक टिचकीने आवळत आणला, आणि ऊन कलल्यावर शॉक पंप खिशात घालून आम्ही दोघे गोगाबाबावर गेलो. पहिल्या फेरीनंतर आणखी दोन टिचक्या सोडाव्या लागल्या. दुसऱ्या फेरीत ते मधल्या खडकांच्या पट्ट्यातून ब्रेक न दाबता आले. खाली येऊन रिंग पाहिली, तर ती टोकापासून १५ मिमी अलीकडे होती.

तरीही मन १५० वर गुंतलेले होते, ते स्वाभाविकही होते, कारण पैसे गेलेले होते. हाच नवा फोर्क आतील एअर शाफ्ट, म्हणजे ट्रॅव्हल ठरवणारा दांडा, बदलून १२० करता येईल का, असे त्यांनी विचारले. त्या मॉडेलचा शाफ्ट मिळतो, आणि दहा-दहा मिमीच्या टप्प्यांनी ट्रॅव्हल कमी करता येतो. मात्र तो फोर्क मुळात जाड नळ्यांचा, अधिक वजनाचा आणि अधिक ताठ. या पातळ फ्रेमच्या पुढे तो लावण्यात मला काही लाभ दिसला नाही. जुन्याच फोर्कमध्ये १३० चा शाफ्ट घातला तर उंची ५३६ होईल आणि ती तक्त्याच्या मर्यादेत बसेल, हा पर्याय मी मोकळा ठेवला. अट एकच घातली: योग्य सॅगवर सायकल चालवताना रिंग वारंवार टोकाला भिडू लागली, तरच शाफ्ट मागवायचा.

काही आठवड्यांनी ते सर्व्हिसिंगसाठी आले तेव्हा सुलीभंजनच्या बाजूला दोन-तीनदा फोर्क शेवटपर्यंत दबला होता, एरवी नाही. एवढ्यासाठी ट्रॅव्हल वाढवण्याची गरज नसते. एअर चेंबरमध्ये एक टोकन, म्हणजे हवेची जागा कमी करणारा तुकडा, घातले, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात हवा लवकर घट्ट होते आणि सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. तळाचे तेल बदलले, सील पुसून ग्रीस लावले. १५० चा फोर्क त्यांनी मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीच्या एका मालकाला विकला, आणि आलेल्या पैशांतून पुढच्या चाकाला २.६ इंच रुंदीचा टायर घेतला, जो मी त्यांना पहिल्याच दिवशी सुचवला असता, पण त्या दिवशी त्यांना फक्त फोर्कविषयीच ऐकायचे होते.