घड्याळ काढायचे सातशे मार्क

गाडीचं टॉप मॉडेल म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बेस मॉडेलला जे नसतं ते सगळं त्यात असतं. सनरूफ, अलॉय व्हील, मागे बसणाऱ्यांसाठी एसीचे वेगळे झरोके, आणि डॅशबोर्डवर एवढा मोठा टीव्ही की गाडी चालवायची की सिरियल बघायची असा प्रश्न पडावा. शेजाऱ्याने बेस घेतलं की आपण मधलं घ्यायचं, आपण मधलं घेतलं की मेव्हण्याने टॉप घ्यायचं. जास्त पैसे, जास्त वस्तू. हा हिशेब मी साठ वर्षं सुखाने सांभाळला होता. तो मोडला श्टुटगार्टमध्ये, पोर्शेच्या संग्रहालयात, एका पांढऱ्या गाडीसमोर.

भाचा तिथे नोकरीला आहे. पोर्शेत नव्हे, गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावलं आहे आणि चौथ्यांदा विचारायची माझी हिंमत नाही. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. एका रविवारी तो, भाचेसून, त्यांची पाच वर्षांची लेक आणि मी असे एस-सिक्स लोकलने त्सुफेनहाउझनला, म्हणजे संग्रहालय आहे त्या भागात, गेलो. तिथे सगळ्यांत मोठा आवाज आमच्या नातीचाच झाला. त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवून ती ओरडली, "आजोबा, बदक!"

पोरगी बरोबर होती. १९७२ सालच्या '९११ कारेरा आरएस २.७'च्या मागच्या झाकणाला वर वळलेलं एक शेपूट आहे आणि जर्मन लोक त्याला 'ब्युर्त्सेल' म्हणतात, म्हणजे पक्ष्याचा शेपटाकडचा भाग. वेगात गेल्यावर ९११चा, म्हणजे पोर्शेच्या या मॉडेलचा, मागचा भाग हलका व्हायचा. इंजीन मागे असूनही हवा तो उचलून धरायची. हे शेपूट त्यावरचा उतारा.

भाचा आता गाइड झाला होता. शर्यतीच्या नियमाप्रमाणे निदान ५०० गाड्या रस्त्यावर विकाव्या लागणार होत्या. एवढ्या खपतील का, याची कंपनीतल्या विक्रीवाल्यांनाच धास्ती. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी दाखवली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत पाचशेच्या पाचशे गेल्या. शेवटी १,५८० बनल्या. "आणि मामा, यातली खरी गंमत तुला आवडेल," तो म्हणाला. "घेणाऱ्याला दोन पॅकेज होती. एक स्पोर्ट, एक टूरिंग. गाडीची किंमत ३४,००० मार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन. टूरिंगला वर २,५०० मार्क. त्यात नेहमीच्या ९११सारखं सगळं आतलं सामान."

"आणि स्पोर्टला?"

"वर ७००."

"त्यात काय मिळायचं?"

"काही नाही. म्हणजे, काढून मिळायचं."

मला वाटलं, याचं मराठी परदेशात राहून बिघडलं. पण नाही. स्पोर्ट पॅकेजमध्ये मागची सीट काढलेली. गालिचा काढलेला. दाराचा आर्मरेस्ट काढलेला आणि दार उघडायला नुसती एक पट्टी. शेजारी बसणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आलं तर त्याने हात आडवा धरावा, कारण त्याच्या बाजूचा सनव्हायझर काढलेला. आणि डॅशबोर्डवरचं घड्याळसुद्धा काढलेलं. हे सगळं करून गाडी ९६० किलोंवर आणली. टूरिंग १,०७५ किलोंची. इंजीन दोघींचं एकच, २१० अश्वशक्तीचं. पण स्पोर्ट शून्यापासून शंभरावर ५.८ सेकंदांत जायची आणि टूरिंगला ६.३ लागायचे. अर्ध्या सेकंदासाठी माणसं घड्याळ काढून देत होती, आणि त्याचे पैसेही भरत होती.

सुरुवातीला मला हे अचाट वाटलं. मग आठवलं, आपल्याकडे एकादशीचा खर्च दशमीपेक्षा जास्तच असतो. वरण-भात-भाजी वगळायची म्हटल्यावर साबुदाणा, वरई, शेंगदाणे, रताळी, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर आणि वर केळी आणावी लागतात. न खाण्याला तयारी लागते. स्पोर्टवाले लोक गाडीला उपास घडवत होते एवढंच.

मात्र खरी मौज पुढच्या आकड्यात आहे. एवढी ही शर्यतीसाठी जन्मलेली गाडी, 'आरएस' म्हणजे रेनस्पोर्ट, म्हणजे शर्यतच. 'कारेरा' म्हणजे स्पॅनिशमध्ये पुन्हा शर्यतच. नावातच दोनदा शर्यत. आणि लोकांनी घेतल्या किती? स्पोर्ट २००. टूरिंग १,३०८. उरलेल्या थोड्या थेट शर्यतीसाठी किंवा अगदीच नागड्या. म्हणजे शर्यतीची गाडी हवी म्हणून रांगेत उभे राहिलेल्या बहुतेकांनी काउंटरवर पोचल्यावर हळूच विचारलं असणार, "त्यात गालिचा मिळेल ना?" त्या तेराशे आठ अनोळखी लोकांबद्दल मला तिथेच आपलेपणा वाटला. सकाळी फिरायला जायचं म्हणून महागडे बूट घेणाऱ्या आणि मग ते घालून कोपऱ्यावर पोह्यांना जाणाऱ्या माणसांतलाच मी.

अर्थात काळ सूड घेतो. आज लिलावात त्या दोनशेंचा भाव टूरिंगपेक्षा चढा असतो. घड्याळ नसल्याचे पैसे अजून वाढतच आहेत.

संध्याकाळी घरी आल्यावर विषय संपायला हवा होता. पण भाच्याने लॅपटॉप उघडला, पोर्शेच्या संकेतस्थळावर गेला आणि म्हणाला, "आता आजची बघ." आजच्या ९११मध्ये 'जीटी३' नावाची जी गाडी आहे तिच्यातही हीच दोन घराणी आहेत. एक जीटी३, पाठीवर भलामोठा पंख असलेली. दुसरी 'जीटी३ टूरिंग', पंख नसलेली. नाव मुद्दाम त्या १९७२च्या टूरिंगवरून घेतलेलं, २०१७ साली परत आणलेलं. दोघींत तेच चार लिटरचं, टर्बो नसलेलं, सहा सिलिंडरचं इंजीन, ५१० अश्वशक्ती, नऊ हजार आरपीएमपर्यंत ओरडत जाणारं. मॅन्युअल गिअर दोघींना मिळतो. फरक मुख्यतः पंखाचा.

"आणि किंमत?" मी माझ्या हुकमी प्रश्नाला हात घातला.

"सारखीच."

हे मात्र फारच झालं. किंमत सारखी असली की आमच्या पिढीच्या हातात काही उरत नाही. आम्ही आयुष्यभर दोन वस्तूंतली स्वस्त घेऊन ती टिकाऊ होती असं सिद्ध करत आलो, किंवा महाग घेऊन 'पैसे वसूल' म्हणत आलो. इथे दोन्ही दरवाजे बंद. आता आपल्याला खरोखर काय आवडतं ते सांगायचं होतं, आणि ती सवय आम्हाला नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट केलेली बरी. या घरात कोणीही ही गाडी घेणार नव्हतं. तिच्या किमतीत आमच्याकडे फ्लॅट येतो. भाच्याकडे दहा वर्षं जुनी स्टेशन वॅगन आहे, मागे मुलीची सायकल आणि बटाट्यांचं पोतं मावणारी. पण जी वस्तू घ्यायचीच नाही तिच्याबद्दल भांडायला जोर वेगळाच चढतो.

भाचा पंखाच्या बाजूने होता. त्याचं म्हणणं, जीटी३ हे नावच शर्यतीच्या वर्गाचं. तो पंख शोभेचा नाही. हवा त्याच्यावरून जाताना गाडीला खाली दाबते आणि वळणावर टायर रस्ता सोडत नाहीत. शिवाय आताचा पंख खालून टेकू दिलेला नाही, वरून टांगलेला आहे. हवेचं खरं काम पंखाच्या खालच्या अंगाला चालतं, म्हणून तिथे खांबांची लुडबूड नको. पंख धरणारे ते दोन वाकडे दांडे हंसाच्या मानेसारखे दिसतात आणि त्यांना म्हणतातही हंसमानच. मला हे भलतंच आवडलं. पन्नास वर्षांत बदकाचा हंस झाला होता.

मग त्याने मोठं अस्त्र काढलं. २०२१ साली याच पंखवाल्या गाडीने न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या डोंगरी ट्रॅकची २०.८ किलोमीटरची पूर्ण फेरी ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत मारली होती. सात मिनिटांना एका सेकंदाचा तेरावा-चौदावा भाग कमी. तो आकडा त्याने तिन्ही दशांशांसकट पाठ सांगितला. याच मुलाला सातवीत पायथागोरस पाठ होत नव्हता.

"तू श्टुटगार्टमध्ये किती वेगाने जातोस?" मी विचारलं.

"शहरात बऱ्याच ठिकाणी चाळीस आहे."

"मग तेवढ्यात पंख करणार काय? वाळत घालायला कपडे?"

मी टूरिंगच्या बाजूने होतो हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्यामागे तत्त्व होतं असं मी तेव्हा म्हणालो. काम तेच, ताकद तीच, फक्त गाजावाजा नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. इथे भाचेसून, जी इतका वेळ कणीक मळत होती, मागे न बघता म्हणाली, "म्हणजे मामा, न दाखवण्याचं दाखवायचं."

तिने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पंखवाला सगळ्या गल्लीला सांगतो की माझी गाडी जोरात आहे. टूरिंगवाला गल्लीतल्या दोनच जाणकारांना सांगतो, आणि त्या दोघांचं मत त्याला बाकी अठ्ठ्याण्णव जणांपेक्षा मोलाचं वाटतं. साधेपणा हाही एक पंखच, जरा आत दुमडून ठेवलेला. टूरिंगला अक्षरशः तसं आहे: मागच्या झाकणावर एक छोटा स्पॉयलर मिटून बसलेला असतो आणि वेग वाढला की आपोआप वर येतो. आमच्या पेठेत असे बरेच लोक होते. खादीचा झब्बा, जुनी सायकल, आणि बोलणं तापलं की हळूच वर येणारी परदेशी विद्यापीठाची पदवी. श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या मुलखातही माणूस साधारण याच मातीचा असावा. चिकट, कष्टाळू, जिना झाडायची पाळी आपली कधी आहे यावर करडी नजर ठेवणारा. भाच्याच्या इमारतीत ती पाळीची पाटी दारावर लटकते आणि ती बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

दोन अवतारांतलं हे भांडण मला तसं नवीन नाही. ऐंशीच्या दशकातल्या राजदूत ३५० मोटारसायकलचेही दोन प्रकार होते, एचटी आणि एलटी. हाय टॉर्क आणि लो टॉर्क. एचटी साधारण तीस अश्वशक्तीची, एलटी त्याहून थोडी कमी आणि पेट्रोलला जरा समजूतदार. आमच्या कॉलेजच्या एका मित्राने वडिलांच्या आग्रहाखातर एलटी घेतली आणि पुढची पाच वर्षं जगाला ती एचटी असल्याचं सांगितलं. कट्ट्यावर आवाजावरून फरक ओळखतो म्हणणारे दोघे-तिघे होतेच. ते दिसले की हा इंजीन बंद करून गाडी ढकलत न्यायचा नाही, पण लांबच्या रस्त्याने मात्र जायचा. पिकअपमधला तो थोडासा फरक त्याला रस्त्यावर कधी जाणवला असेल असं मला वाटत नाही. कट्ट्यावर मात्र रोज जाणवायचा.

तर आमचं भांडण असं रंगात आलेलं असताना पोळ्या झाल्या, आणि भाचेसुनेने हात पुसत लॅपटॉपकडे एकदा नीट बघितलं.

"हिला कुठे बसवणार?" तिने विचारलं.

हिला म्हणजे नातीला. जीटी३ला मागे सीटच नसते. भाच्याचा चेहरा स्पोर्ट पॅकेजमधल्या डॅशबोर्डसारखा झाला, घड्याळाच्या जागी झाकण. तिने त्याच्या हातातला माउस घेतला, टूरिंगवर गेली, खाली-खाली सरकत राहिली आणि एका चौकोनावर थांबली. २०२४च्या शेवटी आलेल्या नव्या टूरिंगला मागच्या दोन छोट्या सीट मागवता येतात. पंखवालीला येत नाहीत. तिने चौकोनात खूण केली. तीन तास चाललेलं भांडण एका टिचकीत संपलं.

त्यानंतर रंगाचं झालं. नातीला पिवळी हवी होती, कारण बदक. गाडीला शेपटी का नाही, असं तिने विचारलं, तेव्हा पळायला लागल्यावर येते, असं मी सांगितलं. तिला ते पूर्णपणे पटलं. मॅन्युअल गिअर मी आग्रहाने घ्यायला लावला. मला ती कधी चालवायला मिळणार नसली तरी क्लचशिवाय गाडी म्हणजे मीठ नसलेलं लोणचं. सगळं झाल्यावर संकेतस्थळाने त्या गाडीचा एक सांकेतिक नंबर दिला, पुन्हा कधी उघडून बघायची असेल तर. भाच्याला कागद सापडेना, म्हणून त्याने फ्रिजवर लावलेल्या यादीच्या तळाशी तो लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाचा ऑफिसात, मी आणि नात घरी. अकराच्या सुमारास भाचेसुनेचा दुकानातून फोन आला. यादीचा फोटो काढून नेला होता तिने.

"मामा, दूध, कांदे, दही, धुण्याची पावडर सगळं घेतलं. हे शेवटचं काय आहे हो? कुठल्या रांगेत मिळेल?"