तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपमध्ये सगळं असताना बाहेरचा सिंथ कशाला?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. टेबलावर एका वेळी चारच सूर वाजवणारा अ‍ॅनलॉग सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटने सूर तयार करणारं वाद्य) आणि शेजारी लॅपटॉप. त्या लॅपटॉपमध्ये फुकट मिळणारे सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड हे सॉफ्टवेअर सिंथ आहेत. डेक्स्ड तर 1983 च्या यामाहा डीएक्स7 या सिंथचाच आवाज देतो. मग बाहेरचं यंत्र कशाला, आणि एका गाण्यात दोन्ही बसवता कसे?

मी कामाची वाटणी अशी करतो: जे शेवटपर्यंत बदलत राहणार ते सॉफ्टवेअरमध्ये. जे एकदा ठरवून मोकळं व्हायचं ते हार्डवेअरवर, आणि तेही त्याच बैठकीत ऑडिओ म्हणून भरून टाकायचं.

गायिका ऐनवेळी म्हणते, काळी एक नको, काळी दोन घेऊ. पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर) आणि स्ट्रिंग्ज प्लगइनमध्ये (लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअर वाद्यात) असतील तर सूर वर सरकवणं मिनिटाचं काम. बेस आणि मधल्या जागांवरची सुरावट मात्र मी सिंथवर घेतो. अंतऱ्याचा शेवटचा सूर लांबत असताना फिल्टरचा कटऑफ (आवाज किती उजळ ऐकू येईल ते ठरवणारा नॉब) हाताने हळूहळू उघडायचा असतो. तो किती उघडायचा हे कान सांगतो आणि हात ऐकतो. माउसने तीच रेघ काढायला बसलं की डोळे ठरवायला लागतात, आणि ते ऐकू येतं.

पद्धत सोपी आहे. चाल आधी प्लगइनवर वाजवून मिडी (कोणता सूर कधी वाजला याची नोंद, आवाज नव्हे) भरून घ्यायची. मग तोच मिडी सिंथकडे पाठवायचा. सूर तो वाजवतो, दोन्ही हात नॉबसाठी मोकळे. सिंथचाच कीबोर्ड वापरत असाल तर त्याचं लोकल कंट्रोल (कीबोर्डने स्वतःचा आवाज थेट वाजवणं) बंद करा, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा वाजतो. मिडीचा ट्रॅक पुसू नका, म्यूट करून ठेवा. पट्टी बदललीच तर पुन्हा भरता येतं.

आता उशीर. पाच पिनांच्या मिडी केबलवरून सेकंदाला 31,250 बिट जातात, म्हणजे एक सूर पोचायला साधारण 1 मिलिसेकंद. त्यात ऑडिओ इंटरफेसचा (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीचा) बफर, म्हणजे आवाज साठवून पुढे देण्याचा तुकडा: 48 किलोहर्ट्झला 128 सँपल म्हणजे एका बाजूने 2.7 मिलिसेकंद. शिवाय सिंथ स्वतः थोडा वेळ घेतो. हिशेब करत बसण्यापेक्षा एक तोकडा, टोकदार आवाज ठोक्यावर वाजवून रेकॉर्ड करा, लहर मोठी करून बघा आणि ती ठोक्यानंतर जितकी उशिरा दिसेल तितका ट्रॅक डावीकडे, ठोक्याच्या दिशेने ओढा.

आमच्याकडे हार्मोनियम असते, म्हणून आणखी एक गोष्ट. पेटी बरोबर 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला असेलच असं नाही, आणि ती काही बसल्याबसल्या उतरवता-चढवता येत नाही. म्हणून सिंथ आणि प्लगइन दोघांचं मास्टर ट्यूनिंग पेटीला जुळवायचं. त्याआधी अ‍ॅनलॉग सिंथ चालू करून तापू द्यायचा. थंड असताना जुळवलेला सूर नंतर सरकतो.

यूएसबी लावली की घरघर येते, अशी तक्रारही नेहमीची. यूएसबी आणि ऑडिओ केबल मिळून अर्थिंगचं वेटोळं तयार होतं. पाच पिनांच्या मिडीत सिग्नल प्रकाशाच्या मार्फत पलीकडे जातो, विजेची थेट जोडणी नसते. म्हणून यूएसबीऐवजी ती केबल लावून बघा. तरी घरघर राहिली तर ऑडिओ केबलच्या मध्ये डीआय बॉक्स (अर्थिंगची जोडणी तोडू शकणारी डबी).

आणि नवरात्रात काय करता? गरब्याचे स्पीकर लागले की माइक उघडण्यात अर्थ नसतो, पण सिंथ केबलमधूनच आत येतो. गायन आधी उरकून घ्या, पट्टी पक्की होते. बेस आणि सिंथच्या जागा त्या नऊ रात्रींत हेडफोन लावून निवांत भरता येतात.