तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र रंगवताना हात मोकळा कसा होतो?

"तुमच्या चित्रांतला समुद्र मोकळा येतो, आमचा हात मात्र होडीच्या दोरखंडातच अडकतो. काय करायचं?" लँडस्केप शिकणारे मला हे नेहमी विचारतात.

आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा, मग रंगवायला बसा. पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, पण रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. ऊन मात्र आपल्या वेळेवरच कलतं. म्हणजे हर्णैच्या बंदरात आज साडेचारला ओल्या वाळूत जे दिसतंय, ते उद्या त्याच उन्हात दिसणार नाही. हे पटलं की दोरखंड रंगवायला सवडच राहत नाही. काय सोडायचं ते आधी ठरवावं लागतं. हात मोकळा होतो तो त्या ठरवण्यामुळे. नुसते भराभर फटकारे मारले तर चित्र घाईचं दिसतं.

हर्णैला मासळीचा लिलाव भरतो तेव्हा होड्यांवरचे झेंडे, पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या, टोपल्या, माणसं, मागे सुवर्णदुर्ग, सगळंच घ्यावंसं वाटतं. तेव्हा डोळे किलकिले करा. आकाश, पाणी, वाळू आणि एक सलग काळपट पट्टा, एवढंच उरतं. होड्या, गाड्या, माणसं आणि त्यांच्या सावल्या त्या पट्ट्यात जोडूनच काढा. किल्ला दमट हवेत फिका निळसर दिसतो. त्याचे बुरूज शोधू नका, एका टोनमध्ये, म्हणजे एकाच उजळ-गडदपणात, सोडून द्या.

माझा खरा जीव ओल्या वाळूत. कोरड्या वाळूपेक्षा ती गडद, तरी आकाश तिच्यात उतरतं. पांढऱ्या होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा किंचित गडद, काळ्या होडीचं किंचित उजळ. हे टोन बरोबर लागले की कडा विरघळल्या तरी होडी होडीच दिसते. जलरंगात इथे ओल्यावर ओला रंग सोडावा आणि हात काढून घ्यावा. किनाऱ्यावरच्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सावकाश वाळतो, तेवढ्यात पुन्हा ब्रश घातला की रंग मळतो. उभं राहून, एक इंची फ्लॅट (चपटा) ब्रश दांड्याच्या टोकाशी धरून काम करा. वाळू उडून कागदावर बसली तर बसू द्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८७० साली फ्रान्समधल्या ट्रूव्हिलच्या किनाऱ्यावर केलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण आजही आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते.

फोटोवरून घरी केलं तर? फोटोत सावलीतली होडी बहुतेक वेळा नुसती काळी येते, तिच्यातला निळा-तांबूस रंग जातो. म्हणून रंगांची टिपणं तरी जागेवरच करा, तळहाताएवढ्या कागदावर, पेन्सिल न लावता. ती समोर असतील तर मोठं चित्र खुशाल घरी करा.