तुम्ही विचारलंत म्हणून: गेस्टापोला कोणता कोट?

हौशी नाटकांचा कपडेपट मी बरीच वर्षं सांभाळते. स्पर्धांचे दिवस आले की एखाद्या तरी संस्थेला दुसरं महायुद्ध करायचं असतं आणि फोन येतो, "ताई, गेस्टापोचा काळा ड्रेस मिळेल ना? दंडावर लाल पट्टीवाला?" गेस्टापो म्हणजे हिटलरच्या जर्मनीतले गुप्त पोलीस. कुठलं साल, असं विचारलं की सांगतात, १९४३. मी काळा देत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "दहाव्या रांगेतून एवढं कोण बघतंय?" इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं.

तो काळा कपडा एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचा, १९३२ सालचा. तो ह्यूगो बॉस या जर्मन कपडेवाल्यानं बेतला असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. बेतणारे कार्ल डिबिच आणि वाल्टर हेक. बॉसचा मेत्सिंगेनचा कारखाना तो शिवणाऱ्या अनेकांपैकी एक. युद्धाच्या काळात त्या कारखान्यात १४० च्या आसपास माणसांना जबरदस्तीनं कामाला जुंपलं होतं, त्यांत बहुतेक बायका, आणि शिवाय ४० फ्रेंच युद्धकैदी. मी स्वतः मशीनवर बसते, म्हणून असेल, पण कोट कोणी बेतला यापेक्षा तो शिवायला कोणाला बसवलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९३८ पासून पूर्णवेळ एसएसवाले करड्या गणवेशात येऊ लागले. त्यावर लाल पट्टी नाही. तिच्या जागी डाव्या दंडावर गरुड आला. सैन्याचा गरुड उजव्या छातीवर असतो, आणि भाड्यानं आणलेल्या कोटांवर या दोन्हींची सरमिसळ हमखास सापडते. पुढे युद्धात कितीतरी काळे कोट गोळा करून, वरची चिन्हं उसवून, पूर्वेकडच्या व्यापलेल्या मुलखात स्थानिक मदतनीस पोलिसांना वाटले गेले.

आणि गेस्टापो? त्यांना स्वतःचा असा गणवेशच नव्हता. ते गुप्त पोलीस. जर्मनीत ते साधा कोट, साधी हॅट घालून हिंडत. खिशात धातूचा लंबगोल बिल्ला असे, एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला खात्याचं नाव आणि नंबर. बिल्ला दाखवेपर्यंत समोरचा माणूस विमा कंपनीतला की पोलीस, हे कळायला मार्ग नव्हता. व्यापलेल्या देशांत मात्र त्यांतले अनेक जण एसएसचा करडा गणवेश घालत. तो ओळखायचा कसा, तर डाव्या बाहीवर खाली पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा काळा तुकडा, त्यात 'एसडी' (एसएसचं हेरखातं) ही अक्षरं, आणि उजव्या कॉलरची काळी पट्टी कोरी. एसएसची ती विजेसारखी दोन अक्षरं तिथे नसतात. ती कोरी पट्टी मी नेहमी स्वतः लावते, दुसऱ्या कोणावर सोडत नाही.

४ ऑगस्ट १९४४ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये, प्रिन्सेनग्राख्त २६३ या पत्त्यावर जे घडलं ते यासाठी मी प्रत्येक दिग्दर्शकाला सांगते. डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकसह नाझींपासून लपलेल्या आठ ज्यूंना पकडायला जी माणसं आली, त्यांत गणवेशात होता तो कार्ल सिल्बरबाउअर, एसडीचा, मूळचा व्हिएन्नाचा पोलीस. त्याच्याबरोबरचे डच पोलीस साध्या कपड्यांत होते. अ‍ॅनचे वडील ओटो फ्रँक यांनी पुढे सांगितलं, की त्या खोलीत सिल्बरबाउअरची नजर एका करड्या ट्रंकेवर पडली. तिच्यावर ओटोंचं नाव आणि लेफ्टनंट हा हुद्दा होता. पहिल्या महायुद्धात ओटो जर्मन सैन्यात अधिकारी होते. ते कळल्यावर त्याचा आवाज बदलला, सामान आवरायला त्यानं वेळ दिला. पण अटक टळली नाही. आठांपैकी परत आले एकटे ओटो.

आता या प्रसंगात सगळ्यांना काळे कोट घालून बघा. ट्रंक बघून जो क्षणभर थबकतो, तो पोलीस खात्यात वाढलेला, हुद्द्यापुढे नरमणारा माणूस तिथे उरतच नाही. शिवाय काळा कोट आत आला की प्रेक्षकाला लगेच कळतं, आता घाबरायचं. जिन्यावरून साध्या कोटातली माणसं वर येताना ज्यांनी पाहिली, त्यांना ही सोय नव्हती. दहाव्या रांगेतल्या माणसाला कॉलर दिसणार नाही, मान्य. पण कोण घाबरवणारं आहे हे त्याला आधीच सांगायचं की नाही, ते कपडेपटातच ठरतं.

तेव्हा १९४३ साठी माझ्याकडून एक करडा कोट मिळेल आणि त्याबरोबर दोन साधे, थोडे वापरलेले कोट आणि हॅटा. बिल्ला पत्र्याचा करून देईन. तो नटानं शेवटपर्यंत खिशातच ठेवायचा आणि फक्त एकदा बाहेर काढायचा.