गोंदूरची धावपट्टी: जायचं तर उजाडताच जा

'धुळ्याजवळचं ब्रिटिशकालीन विमानतळ, सर्वांना खुलं, पाचशे रुपयांत विमानात चक्कर' असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरत असेल तर सरळ डिलीट करा. गोंदूरची ही धावपट्टी स्वातंत्र्यानंतरची आहे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, आणि चक्कर-बिक्कर काही नाही. कुंपणाबाहेर उभं राहून शिकाऊ वैमानिकांची विमानं बघायची, बस्स. तरीही जा म्हणेन.

जुनं म्हणावं असं इथे एकच, बॉम्बे फ्लाइंग क्लब. १९२८ साली जुहूला सुरू झालेला हा क्लब आता इथे वैमानिक घडवतो. जेआरडी टाटा याच क्लबात विमान शिकले आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. मेसेजवाल्याने त्यांना गोंदूरलाच उतरवलं होतं! १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते उतरले ते जुहूला.

आता रस्त्याचं. धुळे बसस्टँडवर पहाटे रिक्षावाल्याने तीनशे मागितले. गोंदूर म्हणजे देवपूरच्या पलीकडे, शहराला लागूनच. तीनशे कशाचे? घासाघीस करून दीडशेवर आला आणि त्याचा राग म्हणून की काय, गेटच्या बराच अलीकडे उतरवून 'या बांधावरून जा, पाच मिनिटं' म्हणाला. त्या बांधावरून कोणीही जाऊ नका. परतीचा पाऊस नुकताच झालेला, काळी माती बुटाला अशी चिकटते की चार पावलांत टाच दोन इंच उंच होते. काडीने खरवडायची, पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच. दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ. तिचा एक काटा माझ्या बुटाचा तळ फोडून आत आला आणि मोडला. सोबतच्या मित्राची पँट गुडघ्याला फाटली. पाच मिनिटं म्हणे! आणि एवढं करून वर आलो तर समोर चांगला डांबरी रस्ता, थेट गावाकडून आलेला. तेव्हा भाडं आधी ठरवा आणि 'डांबरी रस्त्याने, गेटपर्यंत' हे शब्द वदवून घ्या. स्वतःची मोटारसायकल असेल तर प्रश्नच नाही.

शेतात पाणी धरणाऱ्या एका बाबांनी विचारलं, "इमान देखाले उनात का?" म्हणजे अहिराणीत, विमान बघायला आलात का? हो म्हटलं, तर हसले आणि आकाशाकडे बोट दाखवलं. आधी आवाज आला, मग ठिपका. छोटं सेस्ना विमान, पंख जरा डुलतायत, शिकाऊ हात लगेच कळतो. चाक टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, आणि थांबेल म्हणेपर्यंत इंजिन जोरात होऊन विमान परत वर. फेरी मारून पुन्हा तेच. पायाची आग विसरलो राव. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवीचं शेपूट ज्या बाजूला उडत असेल, त्याच बाजूने विमान उतरायला येतं, कारण उतरतात वाऱ्याच्या तोंडावर. हे लक्षात ठेवून उभे राहाल तर विमान डोक्यावरून जातं.

ऊन चढलं की मजा संपली. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, जमिनीवरून वर उठणाऱ्या झोतांनी छोटं विमान हेलकावे खातं. म्हणून शिकवणी मुख्यतः सकाळची. दहा वाजता पोराबाळांना घेऊन आलेलं एक कुटुंब आमच्यासमोर रिकामी धावपट्टी बघून परत गेलं. धुकं किंवा ढग खाली असतील तरी उड्डाण नाही, तेव्हा पावसाळ्यात येऊच नका.

सावली नाही, चहाची टपरी नाही. पाणी, टोपी आणि जाड तळाचे बूट हवेत. गेटजवळ फोटो काढू नका, रखवालदार हटकतो आणि त्याचं बरोबर आहे. ड्रोन घरीच ठेवा.

दुपारी धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ (इतिहासाच्या जुन्या कागदपत्रांचा संग्रह), संध्याकाळी लळिंगचा किल्ला. दोन्ही छान, त्रास काही नाही.

पोराला पायलट करायचं म्हणून दाखवायला नेत असाल तर गेटवर चौकशी करत बसू नका, रखवालदाराला काही माहीत नसतं. क्लबला आधी लेखी विचारा. बारावीला फिजिक्स-गणित लागतं, वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या, आणि व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. त्या तासांचा खर्च विचारून मगच पोराला विमान दाखवा.