मशाल किती उरली?

दिवसभर राबून घरी आलेला माणूस रात्री जेवणं उरकली की कॉम्प्युटर लावतो आणि चार घाबरलेल्या माणसांना घेऊन बुरसटलेल्या भुयारात उतरतो. 'हे असलं बघून डोक्याला ताप होत नाही का?' हा प्रश्न घरातून हमखास येतो. 'आवडतं एकेकाला' यापेक्षा नेमकं उत्तर देता येतं, पण त्यासाठी असा एखादा गेम उघडून त्याच्या आत काय चाललंय ते बघावं लागतं. 'डार्केस्ट डंजन' त्यासाठी उत्तम. व्हँकुव्हरच्या रेड हुक स्टुडिओजचा हा गेम जानेवारी २०१६ मध्ये आला. पूर्वजाने वाड्याखाली खोदून नको ते जागं केलंय, आणि वारस म्हणून ते निस्तरायला माणसं खाली धाडायचं काम तुमच्याकडे आलंय.

पडद्याच्या वरच्या बाजूला मशाल जळत असते. उजेड १०० पासून ० पर्यंत उतरतो, नवी मशाल पेटवली की २५ ने वाढतो. तो जसा कमी होतो तसे राक्षस जास्त वेळा बेसावध गाठतात, त्यांचे घाव जिव्हारी लागतात, माणसांच्या मनावरचा ताण भराभर चढतो. मात्र लूटही वाढते. म्हणजे अंधार इथे नुसता रंग नाही, तो सौदा आहे.

ताणाचं गणित याहून कडक. प्रत्येकाचा ताण ० ते २०० मोजला जातो. १०० ला पोचला की मनाची परीक्षा. साधारण चारातल्या तीन वेळा माणूस कोलमडतो: संशयी होतो, स्वार्थी होतो, सोबत्यांना टाकून बोलतो, औषध लावायला आलेल्याचा हात झिडकारतो. त्याच्या बोलण्याने बाकीच्यांचाही ताण वाढतो. उरलेल्या एका वेळी तो उलट ताठ उभा राहतो. २०० ला हृदयविकाराचा झटका. जखमांनी प्राणशक्ती शून्यावर आली तरी लगेच मरण नाही, माणूस मृत्यूच्या दारात उभा राहतो आणि पुढच्या प्रत्येक घावाला वाचण्याची मूळ शक्यता ६७ टक्के. खेळ आपोआप सेव्ह होत राहतो, त्यामुळे 'मागे जाऊन पुन्हा' हा मार्ग बंद.

माझ्या मते गोडी इथेच आहे. खऱ्या काळजीला आकडा नसतो. नोकरी टिकेल का, तपासणीचा रिपोर्ट काय येईल, यातलं काहीच पडद्यावर लिहून येत नाही. इथे भीती आकड्यात येते, नियम सगळ्यांना सारखे असतात, आणि निकाल वाईट लागला तरी कुठे चुकलं ते सापडतं. चुका बहुतेक ठरलेल्या असतात. छोट्या मोहिमेला आठेक मशाली आणि अन्नाचे ८ ते १२ वाटे पुरतात, पण नवखे फावडं घ्यायला विसरतात. मग वाट ढिगाऱ्याने अडते, हाताने उकरावं लागतं, त्यात जखमा होतात, ताण वाढतो आणि उजेडही जातो. दुसरी चूक म्हणजे मारणाऱ्यांचीच फौज नेणं. ताण उतरवणारा एकही नसला तर तिसऱ्या-चौथ्या लढाईत कुणीतरी फुटतोच.

अनुभवी लोकांचा एक डाव फार अस्वस्थ करतो. गावात दर आठवड्याला घोडागाडीतून नवी माणसं येतात, तीही फुकट. चार नवखे घ्यायचे, मशाल न लावता खाली पाठवायचे, सोनं काढायचं, आणि वेडेपिसे होऊन परतले की त्यांना कामावरून काढून टाकायचं. नियमांना हे चालतं. तिथे खेळणाऱ्याला कळतं की गोष्टीतला क्रूर जमीनदार आपणच आहोत. उजळ जगातल्या गोष्टी ही जागा सहसा दाखवत नाहीत.

पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा २०१४ मधला गेम 'धिस वॉर ऑफ माइन' याच जागेवर बोट ठेवतो. त्याची प्रेरणा १९९२ ते १९९६ या काळातला बोस्नियातल्या सारायेव्हो शहराचा वेढा. तुम्ही सैनिक नाही, पडक्या घरात तग धरणारी साधी माणसं. दिवसा चूल, पाण्याची गाळणी, खाट जुळवायची, रात्री एकाने बाहेर जाऊन मिळेल ते आणायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. अन्न, औषध सगळं आहे आणि अडवणारं कुणी नाही. म्हातारा मागे मागे येत विनवण्या करतो, बस. ते लुटून आणलं की आणणारा माणूस खचतो, पाय ओढत चालतो, कधी कामालाच हात लावत नाही. इथे शिक्षा गुणांची नाही, माणसाची.

भीतीत रस कसा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. रसांवर लिहिणारा काश्मिरी पंडित अभिनवगुप्त, त्याने भयानक रसासाठी 'शाकुंतल'मधलं बाणाच्या भयाने मान वळवून पळणारं हरिण घेतलं. ते भय प्रेक्षकाचं नाही, नटाचंही नाही, स्थळकाळातून सुटलेलं नुसतं भय, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. डेन्मार्कमध्ये व्हायले इथल्या, करमणुकीसाठी उभारलेल्या एका भुताच्या घरात ११० जणांच्या छातीचे ठोके मोजले गेले. २०२० मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की भीती फार कमी असली तरी मजा नाही आणि फार वाढली तरी नाही. सर्वांत जास्त आनंद मधल्या टप्प्यावर.

काळ्याकुट्ट गोष्टी फसतात त्या बहुधा इथेच. पानोपानी प्रेतं पडली की तिसऱ्या प्रेतानंतर मन बधिर होतं. 'डार्केस्ट डंजन' मधूनमधून उसंत देतो. गावात दारूचा गुत्ता आहे, मठ आहे, थकलेल्याला आठवडाभर तिथे ठेवता येतं. लांब मोहिमेत लाकडं असली तर शेकोटी पेटते. अन्नाचे आठ वाटे दिले की सगळे पोटभर जेवतात, जखमा थोड्या भरतात, ताण थोडा उतरतो, आणि शेकोटीपाशी खर्चायला मिळणाऱ्या १२ गुणांत कुणाची मलमपट्टी करायची, कुणाला धीर द्यायचा हे ठरवावं लागतं. लढाईतही एक विदूषक असतो. समोर राक्षस उभा असताना तो आपली पाळी घाव घालण्यात न घालवता तंतुवाद्य छेडतो, आणि शेजारच्याचा ९० वर गेलेला ताण खाली येऊ लागतो.